सॉफ्टवेअर उघडताच बंद पडतंय, तीनदा पुन्हा इन्स्टॉल करून झालं

निळी_शाई:

आज्जीसाठी नवा डेस्कटॉप आणला, त्याला पाच दिवस झाले. तिला तिच्या आठवणी लिहून काढायच्या आहेत. वय ८१. गेलं वर्षभर बसून ती इन्स्क्रिप्ट कीबोर्ड शिकली, आता जोडाक्षरंही न अडखळता टाइप करते. मी ज्या लेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करते तेच तिला हवंय, कारण त्यात डाव्या बाजूला प्रकरणांची यादी असते आणि एखादं प्रकरण उचलून वर-खाली नेता येतं. सॉफ्टवेअरचं नाव लिहीत नाही. बनवणारी मंडळी थोडी आहेत आणि चूक त्यांचीच आहे हे अजून ठरलेलं नाही.

आयकॉनवर डबल क्लिक केलं की सॉफ्टवेअरचं चित्र येतं, त्याखाली 'सेटिंग्ज वाचत आहे' अशी ओळ दिसते आणि सगळं नाहीसं होतं. एररचा मेसेजही येत नाही. दोन सेकंदसुद्धा टिकत नाही.

आतापर्यंत केलेलं: अनइन्स्टॉल, रीस्टार्ट, पुन्हा इन्स्टॉल, असं तीनदा. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवून पाहिलं. विंडोज ११ चे सगळे अपडेट घेतले. त्याच पेनड्राइव्हवरचा तोच इन्स्टॉलर माझ्या लॅपटॉपवर व्यवस्थित चालतो, तिथेही विंडोज ११च आहे.

आज्जी रोज सकाळी खुर्चीत येऊन बसते आणि "झालं का गं?" विचारते. तिला अजून एक दिवस 'नाही' म्हणायचं माझ्या जिवावर येतंय. कुणाला काही सुचतंय का?

खटपट्या:

नवीन मशीन आहे, तेव्हा व्हिज्युअल सी प्लस प्लसचं रनटाइम (बऱ्याच प्रोग्रामना चालायला लागणाऱ्या फाइलींचा संच) नसेल. ते टाका, ३२ बिट आणि ६४ बिट दोन्ही. तरी नाहीच चाललं तर ग्राफिक्स ड्रायव्हर नवा घ्या आणि अँटिव्हायरसमध्ये या सॉफ्टवेअरचा फोल्डर अपवाद म्हणून घाला. दहातली आठ दुखणी यातच बरी होतात.

निळी_शाई:

तिन्ही केलं दादा. फरक नाही.

पडद्यामागे:

मी डेस्कटॉप सॉफ्टवेअर बनवते, क्रॅशचे रिपोर्ट वाचणं हे माझं रोजचं काम. निळी शाई, आता नवीन काहीही टाकू नका आणि काढू नका. आधी विंडोजने काय लिहून ठेवलंय ते बघू. प्रोग्राम गुपचूप गेला असं आपल्याला वाटतं, पण विंडोज त्याची नोंद बहुतेक वेळा ठेवतं.

स्टार्टमध्ये इव्हेंट व्ह्यूअर शोधा. डावीकडे विंडोज लॉग्ज, त्यात ॲप्लिकेशन. सॉफ्टवेअर बंद पडलं त्या मिनिटाची लाल खूण असलेली नोंद उघडा. सोर्स 'ॲप्लिकेशन एरर' आणि इव्हेंट आयडी १००० असेल. तिच्यातल्या दोन ओळी मला हव्यात: फॉल्टिंग मॉड्यूलचं नाव (कुठल्या फाइलमध्ये अडलं) आणि एक्सेप्शन कोड (अडचणीचा प्रकार सांगणारा क्रमांक).

कोडवरून निम्मी दिशा कळते. ०एक्ससी००००१३५ असेल तर एखादी डीएलएल, म्हणजे प्रोग्रामला लागणारी जोडफाइल, सापडत नाहीये, म्हणजे खटपट्यांचा सल्ला बरोबर. ०एक्ससी०००००७बी असेल तर बहुधा ३२ आणि ६४ बिटची सरमिसळ झालीय. ०एक्ससी००००००५ म्हणजे प्रोग्रामने नको त्या मेमरीला हात लावला. तो ड्रायव्हरपासून प्लगिनपर्यंत कशानेही येऊ शकतो.

निळी_शाई:

सापडलं! अशा बारा नोंदी आहेत आणि सगळ्या सारख्या. मॉड्यूल यूसीआरटीबेस डॉट डीएलएल. कोड ०एक्ससी००००४०९. कोडचा अर्थ शोधला तर 'स्टॅक बफर ओव्हररन' असं आलं आणि भीतीच वाटली. मशीन खराब आहे का?

पडद्यामागे:

नाही, मशीनला काही झालेलं नाही. या कोडचं नाव घाबरवणारं आहे, पण यूसीआरटीबेसबरोबर तो आला की बहुतेक वेळा अर्थ साधा असतो: प्रोग्रामने स्वतःच हात टेकले. आत काहीतरी अडलं, ती अडचण हाताळणारा कोड लिहिलेला नव्हता, म्हणून त्याने स्वतःला बंद केलं. आणि तुम्ही सांगितलेली ती ओळ, 'सेटिंग्ज वाचत आहे', माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आहे.

तीनदा इन्स्टॉल करून उपयोग का झाला नाही तेही यात आलं. इन्स्टॉलर प्रोग्राम फाइल्समधला माल बदलतो. सेटिंग्ज राहतात वापरणाऱ्याच्या फोल्डरमध्ये, ॲपडेटाच्या आत, आणि तिथे अनइन्स्टॉलर सहसा हात लावत नाही. माझ्याकडे अशी कितीतरी माणसं येतात ज्यांनी अख्खं विंडोज नव्याने टाकलं आणि मग जुना ॲपडेटा परत आणून ठेवला. दुखणंही सोबत आलं. म्हणून मी इन्स्टॉल करण्याआधी एकच प्रश्न विचारते: हे मशीनचं दुखणं आहे की त्या एका अकाउंटचं?

ते ठरवायला पाच मिनिटं पुरतात. त्याच डेस्कटॉपवर दुसरं लोकल अकाउंट करा, नाव 'टेस्ट' ठेवा, रोमन लिपीत. त्यातून लॉगिन करून सॉफ्टवेअर उघडा. आणि एक सांगा, आज्जींच्या अकाउंटचं नाव काय ठेवलंय?

निळी_शाई:

टेस्टमध्ये उघडलं. पहिल्याच फटक्यात! म्हणजे मशीन ठीक आहे.

आज्जीच्या अकाउंटचं नाव 'आज्जी' आहे. देवनागरीत. मीच ठेवलं, कॉम्प्युटर सुरू केल्यावर पहिलं अक्षर तिच्या लिपीतलं दिसावं म्हणून. त्याने काही होतं का?

पडद्यामागे:

त्यानेच झालंय असं मला वाटतं, पण वाटण्यावर थांबायचं नाही, डोळ्यांनी बघू. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्समधलं प्रोसेस मॉनिटर हे फुकट साधन उतरवा, प्रोग्राम कुठल्या फाइली मागतो आणि काय उत्तर मिळतं ते त्यात दिसतं. आज्जींच्या अकाउंटमध्ये ते चालू करा, फिल्टरमध्ये प्रोसेस नेम म्हणून या सॉफ्टवेअरच्या एक्झी फाइलचं नाव द्या, मग सॉफ्टवेअर उघडा. ते बंद पडलं की यादीच्या तळापासून वर चढत या. रिझल्टच्या रकान्यात 'नेम इनव्हॅलिड' दिसतंय का पाहा.

निळी_शाई:

आहे!! अगदी तळाशी नाही, तळापासून तीस-चाळीस ओळी वर. क्रिएटफाइल, मग पाथ, मग नेम इनव्हॅलिड. पाथ असा आहे:

सी:\युजर्स\?????\ॲपडेटा\रोमिंग\… (पुढे सॉफ्टवेअरचं नाव)

'आज्जी'च्या जागी पाच प्रश्नचिन्हं. हे पाच का? अक्षरं तर दोनच आहेत.

पडद्यामागे:

आपल्याला दोन दिसतात. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, 'आज्जी' पाच खुणांनी लिहिलं जातं: आ, ज, मग पहिल्या ज चा पाय मोडणारं हलन्ताचं चिन्ह, पुन्हा ज, आणि दीर्घ वेलांटी. पाच खुणा, पाच प्रश्नचिन्हं. इतका स्वच्छ पुरावा क्वचित मिळतो.

आता नेमकं काय घडतंय ते. विंडोजला तुमच्या फोल्डरचं नाव नीट कळतं. एनटीएफएसमध्ये, म्हणजे विंडोज डिस्कवर फाइली ठेवतं त्या पद्धतीत, फाइलींची नावं युनिकोडमध्येच असतात. पण विंडोजला फोल्डर विचारायच्या दोन वाटा आहेत. एक युनिकोडची. दुसरी जुनी, कोड पेजची (कोड पेज म्हणजे ठरावीक लिप्यांपुरता अक्षरांचा जुना तक्ता), जुने प्रोग्राम चालत राहावेत म्हणून ठेवलेली. ग्रीकला कोड पेज आहे, सिरिलिकला आहे, थाईला आहे. विंडोजच्या या जुन्या वाटेवर देवनागरीला नाही. त्यामुळे जुन्या वाटेने विचारलं की आपलं प्रत्येक चिन्ह प्रश्नचिन्ह होऊन परत येतं. आणि विंडोजमध्ये फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह चालतच नाही. म्हणून नेम इनव्हॅलिड, म्हणून सेटिंग्ज मिळाल्या नाहीत, म्हणून प्रोग्रामने हात टेकले.

देवनागरी युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. आज २०२० नंतर लिहिलेल्या प्रोग्रामने जुनी वाट धरावी याचा मला मनापासून राग येतो. तुम्ही नाव देवनागरीत ठेवलंत यात तुमची काहीही चूक नाही, हे स्पष्ट सांगते.

खटपट्या:

मग कंट्रोल पॅनेलमधून अकाउंटचं नाव इंग्रजीत बदललं की झालं. एवढ्यासाठी प्रोसेस मॉनिटर कशाला?

पडद्यामागे:

त्याने होणार नाही खटपट्या, आणि इथेच बहुतेकजण फसतात. अकाउंटचं दिसणारं नाव बदललं तरी फोल्डरचं नाव बदलत नाही. फोल्डरचं नाव पहिल्या लॉगिनच्या वेळी ठरतं आणि तेच राहतं. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या कोठारात, शिरून ते बदलायचे उपाय सापडतात, पण ८१ वर्षांच्या बाईंच्या कामाच्या मशीनवर मी ते करू देणार नाही. एक पाथ चुकला तर प्रोफाइलच उघडत नाही.

निळी शाई, दोन वाटा आहेत.

एक: कंट्रोल पॅनेल, रीजन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह, चेंज सिस्टिम लोकेल. तिथे यूटीएफ-८ (युनिकोड लिहून ठेवायची एक पद्धत) वापरा असा एक चौकोन आहे, पुढे 'बीटा' लिहिलेलं. त्यावर टिक करून रीस्टार्ट केलं की जुन्या वाटेलाही देवनागरी कळते. पण तो बदल सगळ्या मशीनला लागू होतो. युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट वापरणारी जुनी सॉफ्टवेअर त्या मशीनवर असतील, तर त्यांचा मजकूर बिघडू शकतो.

दोन, आणि मला हीच आवडते: नवं लोकल अकाउंट रोमन लिपीत करा. एकदा लॉगिन करा, म्हणजे फोल्डर रोमन नावाने तयार होईल. मग कंट्रोल पॅनेलमधून दिसणारं नाव 'आज्जी' करा, देवनागरीत. फोल्डर बदलत नाही, हीच गोष्ट आता आपल्या कामी येते.

जुन्या अकाउंटमधून डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप एवढंच आणा. ॲपडेटा आणू नका.

निळी_शाई:

दुसरी वाट घेतली. काल रात्री साडेअकराला संपवलं. सॉफ्टवेअर उघडतंय, प्रकरणांची यादी दिसतेय. लॉगिनच्या स्क्रीनवर 'आज्जी' तसंच आहे, तिला काही बदललंय हे कळलंसुद्धा नाही. ताई, तुमचे फार आभार. दादा, तुमचेही.

प्रोसेस मॉनिटरची ती ओळ आणि इव्हेंट व्ह्यूअरची नोंद, दोन्ही सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना पाठवली. आज उत्तर आलं की त्यांच्याकडे हे तसंच्या तसं घडून दाखवता आलं आणि दुरुस्ती हाती घेतली आहे. रशियन आणि ग्रीक नावांवर त्यांनी तपासलं होतं म्हणे, ती मंडळी आपापल्या भाषेच्या विंडोजवर होती म्हणून तिथे कधी अडलं नाही.

एक शेवटचं: जुनं अकाउंट आता काढून टाकू का?

पडद्यामागे:

आठवडाभर थांबा. डाउनलोड्समध्ये किंवा ब्राउझरच्या बुकमार्कमध्ये काहीतरी राहिलेलं असतंच. काढताना विंडोज त्या अकाउंटच्या फाइल्सही काढून टाकतं, म्हणून आधी त्या फोल्डरची एक प्रत तुमच्या पेनड्राइव्हवर घ्या. आणि नव्या अकाउंटमध्ये इन्स्क्रिप्ट कीबोर्ड पुन्हा जोडलात ना? तो अकाउंटगणिक वेगळा असतो.

निळी_शाई:

नव्हता जोडला. आत्ता जोडला. ती मागे उभीच आहे, उठते आता.