आवारात संकट आले तेव्हा : बडोद्यातील अनुभव

महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले, पण ते एका कुंपणात कधीच मावले नाही. कलाभवन एकीकडे, कला शाखेचा मोठा घुमट दुसरीकडे, फतेगंजची वसतिगृहे तिसरीकडे आणि मधून शहराची रहदारी. बडोद्यातील इतर महाविद्यालयांत शिकलेल्या, शिकवलेल्या मराठी मंडळींनीही आपले अनुभव लिहावेत. आपल्या संस्थेचे नाव देऊ नये. कोण धावले आणि काय अडले, हे मात्र जरूर सांगावे.

वसतिगृहात राहिलेली विद्यार्थिनी
३१ जुलै २०१९ रोजी बडोद्यात चोवीस तासांत जवळपास ५०० मिलिमीटर पाऊस पडला. तळमजल्यावर पाणी शिरू लागताच रेक्टर मॅडमनी सर्वप्रथम विजेचा मुख्य स्विच बंद करवला. मोबाइल चार्ज व्हायचे राहिले म्हणून आम्ही कुरकुरलो, पण खालच्या खोल्यांतील प्लग जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर होते. मग त्यांनी मेसच्या वहीवरून हजेरी घेतली, कारण कोण जेवायला आहे आणि कोण घरी गेले आहे याची खरी नोंद तिथेच होती. कार्यालयाच्या यादीत गावी गेलेल्या मुलीही हजर होत्या. चौकीदारकाकांनी मागचे फाटक कुणालाच उघडू दिले नाही. विश्वामित्रीच्या पुराबरोबर मगरी वस्तीत शिरतात, हे बाहेरगावच्या मुलींना थट्टेचे वाटले. पुढच्या दिवसांत शहरात ठिकठिकाणी मगरी पकडल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा काकांशी वाद घालणाऱ्याही गप्प झाल्या.

निवृत्त प्रयोगशाळा सहायक
रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात सोडियमचा तुकडा टेबलावरच्या ओल्या फडक्यावर पडून पेटला आणि एका विद्यार्थ्याने पाण्याची बादली उचलली. ती मी हिसकावली, कारण सोडियमवर पाणी पडले की हायड्रोजन वायू सुटतो आणि आग भडकते. कोरडी वाळू टाकताच ज्वाळा दबल्या. मात्र भिंतीवर टांगलेल्या लाल बादल्यांपैकी एकाच बादलीतील वाळू उपयोगी होती; बाकीच्यांत विड्यांची थोटके आणि पानाच्या पिंका होत्या.

एक प्राध्यापक
सहकाऱ्याच्या छातीत दुखू लागल्यावर आम्ही १०८ क्रमांक लावला. गाडी लवकर आली, पण फोनवर आम्ही विभागाचे नाव सांगितले होते आणि चालकाला हवे होते फाटक. आमच्या इमारतीजवळचे फाटक दुचाक्या आत शिरू नयेत म्हणून कुलपात असे आणि किल्ली बाळगणारा कर्मचारी चहाला गेला होता. शेवटी सरांना खुर्चीत बसवून, ती चौघांनी उचलून गाडीपर्यंत नेली. सर बरे झाले. प्रत्येक विभागाच्या फोनजवळ जवळच्या फाटकाचे नाव आणि रस्त्यावरची खूण लिहून ठेवावी, असा अर्ज मी केला. उत्तर आले नाही, तेव्हा आमच्या विभागापुरते मीच लिहून चिकटवले.

माजी विद्यार्थी
वर्गात एका मुलाला आकडी आली. कुणी कांदा शोधू लागले, कुणी चप्पल हुंगवायला पुढे झाले. आमच्या विभागातील सेविका मावशींनी सर्वांना मागे सारले, त्याच्या डोक्याखाली ओढणी दिली, तोंडात काहीही घालू दिले नाही आणि झटके ओसरताच त्याला कुशीवर वळवले. ‘घड्याळ बघा, पाच मिनिटांवर गेले तर गाडी बोलवा,’ एवढेच त्या म्हणाल्या. त्यांच्या स्वतःच्या मुलाला हा आजार होता.

रात्रपाळीचा सुरक्षा पर्यवेक्षक
वर प्राध्यापक महोदयांनी फाटकाविषयी लिहिले ते रास्तच आहे, पण रात्री स्थिती याहून कठीण असते. आमच्याकडे आगीचा सराव आधी सूचना लावून दिवसा होत असे. रखवालदार कंत्राटावरचे, त्यामुळे रात्रपाळीत सराव पाहिलेला माणूस क्वचितच सापडे. किल्ल्यांच्या फळीवर क्रमांक होते, मात्र कोणता क्रमांक कोणत्या दाराचा, हे फक्त जुन्या हवालदारांना ठाऊक होते. ते निवृत्त होण्यापूर्वी मी त्यांच्याबरोबर सगळी दारे फिरलो आणि किल्ल्यांना रंग लावले: जिन्यांना लाल, गच्च्यांना पिवळा, वीजखोलीला निळा. पुढे नव्याने आलेल्या रखवालदाराला मी पहिल्या रात्री हीच फळी दाखवत असे आणि एखादे दार अंधारात उघडून दाखवायला सांगत असे.