गायरानात सोलर येतोय, ग्रामसभेचं ऐकतात का?

सिन्नरकर: मागच्या आठवड्यात मोजणीवाले आले, गायरानात चुन्याची फक्की मारून गेले. माझी बावीस शेरडं तिथंच चरतात. सरपंच म्हणतात, "वरून आलंय, आपल्या हातात काही नाही." खरंय का? सोलरला माझा विरोध नाही बरं का. रात्री दोनला पाणी भरताना विंचू चावलाय मला, दिवसा वीज कुणाला नको?

निफाडचा शेतकरी: मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी २.० असणार, म्हणजे शेतीला दिवसा वीज द्यायला सोलर प्रकल्प उभारायची सरकारी योजना. गायरानाची मालकी सरकारची, ग्रामपंचायतीकडे नुसती देखभाल. जमीन जिल्हाधिकारी देतात. ग्रामपंचायतीला मात्र वर्षाला ५ लाख, ३ वर्षं मिळतात. ते कशावर खर्चणार, हे ग्रामसभेत उभं राहून विचारा.

सुरगाणा: आमच्याकडे पेसा लागू, म्हणजे आदिवासी भागात ग्रामसभेला जास्त अधिकार देणारा कायदा, म्हणून ग्रामसभेला वजन. सिन्नर त्यात नाही. तरी तहसीलला लेखी हरकत द्या, पोच घ्या. तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं.

सिन्नरकर: दिली आज. शेरडांना वाट आणि पाणवठा सोडा, एवढंच लिहिलं. पोचेवर शिक्का उलटा पडलाय, पण पडलाय.