घाम येत असला तरी उष्माघात होतो का?

सड्यावरची: परवा बाबा सड्यावरच्या (डोंगरमाथ्यावरच्या कातळाच्या) बागेत आंबे काढायला गेलेले, दोनच्या सुमारास गडी त्यांना धरून घरी घेऊन आला. शर्ट पिळला तर पाणी निघेल इतका भिजलेला, डोकं दुखतंय मळमळतंय म्हणत होते आणि मधेच मला आत्याच्या नावाने हाक मारली. आईने तळपायाला कांदा चोळला, कोकम सरबत पाजलं, तासाभराने बरं वाटलं. शेजारच्या काकी म्हणतात घाम येतोय म्हणजे ऊन नाही लागलं, पित्त असेल. पारा पण 35 च होता. खरंच असं असतं का? अजून पंधरा दिवस आंबा आहे, भीती वाटते.

सिस्टर_ताई: आरोग्य केंद्रात नर्स आहे म्हणून स्पष्टच लिहिते. घाम थांबला तरच उष्माघात हे डोक्यातून काढून टाका, कष्टाचं काम करणाऱ्याला घामाने चिंब असताना पण होतो. आपल्याकडे हवा इतकी दमट की घाम नुसता ओघळतो, वाळत नाही, आणि वाळल्याशिवाय अंग गार होत नाही. हवामान खातं पण किनाऱ्याला 37 लाच उष्णतेची लाट धरायला घेतं, मैदानात 40 ला. नुसती मळमळ, पेटके, चक्कर असेल तर सावलीत आडवं करा, ओआरएस घोट घोट द्या. पण माणूस बरळला, झोकांड्या गेल्या, फिट आली तर थांबायचं नाही, तुम्हाला आत्या म्हणाले तेव्हाच 108 लावायला हवा होता ताई. पूर्ण शुद्धीत नसेल तर तोंडात सरबत पण नको, ठसका लागून फुफ्फुसात जातं. तापाच्या गोळीचा उपयोग नाही.

कलमवाला: आमच्या गड्याला झालं तेव्हा आम्ही तसंच गाडीत घालून सुटलो, वळणांचा रस्ता, पाऊण तास गेला. डॉक्टर म्हणाले आधी जागेवर गार करायचं होतं. आता बागेत सावलीत पाण्याचा वेगळा ड्रम असतो (फवारणीच्या टाकीतलं पाणी नको हां, औषध असतं त्यात), कपडे सैल करून अंगभर पाणी ओतत राहायचं आणि आंब्याच्या खोक्याच्या पुठ्ठ्याने जोरात वारा घालायचा, गाडी येईपर्यंत. काढणी दहाला बंद, परत चारनंतर.

सड्यावरची: थँक्यू दोघांना. आज बाबांना दाखवून आणलं, बीपीची गोळी लघवी वाढवणारी आहे त्यामुळे अंगातलं पाणी लवकर कमी होतं म्हणाले डॉक्टर, गोळी मनाने बंद करायची नाही पण उन्हाचं काम नको. झेला (आंबे काढायची जाळीवाली काठी) माझ्या खोलीत ठेवलाय, चार वाजता देते.