बेळगावच्या आसपास शांत सायकल रूट सुचवा, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही टिळकवाडीत राहतोय. मुलगा नववीत, त्याला यंदा गिअरची सायकल घेतली, माझीही जुनी हायब्रिड सर्व्हिसिंग करून बाहेर काढली आणि आता रविवारी उजाडलं की दोघं निघतोय. स्पीड, स्ट्रावा (सायकलिंगचे आकडे नोंदवायचं अ‍ॅप) हा आमचा विषय नाही. बघायला छान असावं आणि मागनं ट्रकचा हॉर्न नसावा एवढंच. जाऊन-येऊन २५ ते ४० कि.मी. चालतंय, चढ असला तरी चालतंय, पण तो पुढं आणि मी मागं असताना दर गाडीला माझा जीव वर-खाली होतोय, तेवढं नको.

काय काय बघून झालंय ते सांगते म्हणजे परत तेच कुणी सुचवायला नको. कॅम्पातले रस्ते सुरेख, झाडी जुनी आणि दाट, पण फिरून फिरून तिथंच. खानापूर रोडला उद्यमबाग-मच्छेपर्यंत कारखान्यांच्या गाड्या. वेंगुर्ला रोड हिंडलग्याच्या पुढं दोन्ही बाजूनं हिरवागार आहे, पण शिनोळीकडचे ट्रक, चंदगडच्या एस्ट्या आणि कोकणात निघालेल्या कार, आणि साइडपट्टीचा पत्ता नाही, डांबर संपलं की चाक सरळ खाली मुरमात.

सगळ्यात आवडला तो वडगाव-येळ्ळूर रस्ता. दिवाळीच्या आधी भात फुलोऱ्यात असतंय तेव्हा अजून कुठंकुठं बासमती लावलेली शेतं लागतात, तिथनं जाताना उभ्या पिकाचा वास येतोय, मुलगा ब्रेक मारून विचारतोय, आई इतक्या सकाळी भात कोण शिजवतंय? हे त्याला घरात बसून कुठनं कळणार होतं! बासमती लावणारे आता कमी राहिलेत, म्हणून तर आत्ताच दाखवून घ्यावं असं वाटतंय.

तर मला विचारायचं आहे ते असं की, बेळगुंदीवरनं राकसकोप धरणाला जाणारा रस्ता रविवारी सकाळी कसा असतोय, येळ्ळूरगडाचा शेवटचा चढ नववीतल्या पोराला झेपेल का, वेंगुर्ला रोड टाळून किंवा थोडाच घेऊन पश्चिमेकडं काही आहे का, आणि वाडीवस्तीवरच्या कुत्र्यांचं तुम्ही काय करता? गोव्याच्या वाटेवरचं जांबोटीही कानावर आलंय, पण ते आम्हाला लांब पडेल असं वाटतंय. कुणी स्वतः सायकल घातली असेल तर नक्की सांगा.

प्रतिसाद:

ताई, डोळे झाकून राकसकोप करा. गणेशपूर, बेनकनहळ्ळी, बेळगुंदी असं जावा, जाऊन-येऊन पस्तीस-एक होतंय. बेळगुंदी सोडली की लाल माती, काजूच्या बागा आणि रताळ्याचे वेल, चढ-उतार आहेत पण दम काढणारे नाहीत. नवरात्राच्या सुमाराला रताळी काढणी चालू असली की टेम्पो भेटतात, तरी ते गावातले, हळू जातात. धरण मार्कंडेय नदीवरचं, शहराला पाणी इथनंही येतंय. पावसाळ्यात धरण भरलं की दुपारी बघायला येणाऱ्यांच्या गाड्यांची रांग लागते, म्हणून नऊच्या आत परत फिरा. आणि त्या दिवसांत वारं पश्चिमेकडनं असतंय, जाताना तोंडावर घेणार पण येताना दमलेल्या पोराला आपोआप ढकलतंय, म्हणून मी तर पश्चिमेलाच जातो.

प्रतिसाद:

येळ्ळूरगड जमेल की. गावापर्यंत सपाटच आहे, गडाचा घाट तेवढा उभा, तिथं उतरून ढकलत नेलं तरी काय बिघडत नाही. वर सिद्धेश्वराचं देऊळ आहे आणि आता शिवाजी महाराजांचा मोठा पुतळा झालाय, त्यामुळं रविवारी गाड्या वाढल्यात. शनिवारी शाळा नसेल तर शनिवार धरा. उतरताना दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबत यायला पोराला आधी शिकवा, सलग धरून ठेवले तर रिम तापतंय. पावसाळ्यात मात्र त्या शिवारातल्या मधल्या पाणंदीत घुसू नका, बळ्ळारी नाला फुगला की पाणी पसरतंय आणि काळी माती चाकात अशी भरती की चाक फिरतच नाही, काठीनं उकरत बसावं लागतंय.

जांबोटीबद्दल बरोबर बोललात. रस्ता देखणा, कुसमळीजवळ मलप्रभा ओलांडतो, पण पुढं हाच कणकुंबी-चोर्ल्यावरनं गोव्याला जातोय. शनिवार-रविवार गोव्याच्या गाड्या सुसाट असतात. पोराला घेऊन नकोच.

प्रतिसाद:

उचगाव राहिलं की. वेंगुर्ला रोडचा तुकडा घ्यावा लागतोय, तो अगदी पहाटे उरका आणि उचगाव फाट्याला आत वळा. गावाच्या पुढं कोवाडकडं जाणारा रस्ता त्यामानानं निवांत आहे, बेक्किनकेरेकडं वळलात तर आणखी. मळेकरणी देवीमुळं मंगळवारी-शुक्रवारी गर्दी असते, तुमचा रविवार म्हणजे अडचण नाही. मी बाई असून एकटी जाते, लोक उलट थांबवून पाणी विचारतात. कुत्री मागं लागली तर जोरात पळवू नका, उतरा, सायकल तुमच्या आणि कुत्र्यांच्या मध्ये घ्या आणि चालत निघा, पाच-पन्नास पावलांवर त्यांची हद्द संपते. ऊसतोडीच्या हंगामात, म्हणजे दिवाळीनंतर मार्चपर्यंत, दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर कुठल्याही रस्त्याला भेटतील, त्यांना मागचं काही दिसत नाही, तुम्हीच खाली उतरून वाट द्या.

धागाकर्ती:

मनापासून आभार सगळ्यांचे, एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. येत्या रविवारी राकसकोप नक्की. एकच विचारते, बेळगुंदीच्या पुढं पंक्चर काढून मिळतंय का?

प्रतिसाद:

त्या भरवशावर जाऊ नका ताई. रविवारी सकाळी दुकान उघडलेलं नसतंय, आणि तुमच्या हायब्रिडला बारीक प्रेस्टा व्हॉल्व असेल तर गावातला पंप बसणारच नाही. पितळी अ‍ॅडॅप्टर मिळतो, तो घ्या, एक जादा ट्यूब, टायर लिव्हर आणि छोटा पंप. आणि निघायच्या आधी घरात एकदा मागचं चाक काढून घालून बघा, दोघांनीही.