मदत हवी आहे: तिरक्या दिशांना बलाचे घटक काढताना कोसाइन का चालत नाही?

नमस्कार. मी पदविका अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात शिकत असून अप्लाइड मेकॅनिक्समधील एका गणितापाशी गेले चार दिवस अडलो आहे. नुसते उत्तर नको आहे, कारण ते मला ठाऊक आहे. माझी चूक कोठे होते, ते समजून घ्यायचे आहे.

माडाचा एक ओंडका ओढण्यासाठी त्याच्या टोकाला दोन दोर बांधले आहेत. ‘अ’ दोर ओंडक्याच्या रेषेशी एका बाजूस ४५ अंशांचा, तर ‘ब’ दोर दुसऱ्या बाजूस ३० अंशांचा कोन करतो. दोन्हींचे परिणामी बल ओंडक्याच्या रेषेतच आणि ५०० न्यूटन हवे असल्यास प्रत्येक दोरातील ताण किती असावा?

आडवा घटक काढताना आपण बलाला कोनाच्या कोसाइनने गुणतो, म्हणून मी येथेही तसेच केले. त्यावरून ‘अ’साठी ३५३.६ आणि ‘ब’साठी ४३३ न्यूटन मिळाले. पुस्तकात मात्र २५८.८ आणि ३६६ न्यूटन असे उत्तर आहे. छपाईची चूक असेल असे वाटून मी प्रयोगशाळेत एका न्यूटनाला एक ग्रॅम असे प्रमाण धरून पडताळा घेतला. एका कडीला तीन दोरे बांधले, मधल्या दोऱ्याला ५०० ग्रॅम टांगले आणि बाजूचे दोरे कप्प्यांवरून नेऊन त्यांच्या पारड्यांत ३५० व ४३० ग्रॅम ठेवले. बाजूच्या दोन दोऱ्यांत ७५ अंशांचा कोन राहायला हवा होता, परंतु कडी वर सरकली आणि कोन १०० अंशांच्या आसपास जाऊन थांबला. पारड्यांत २६० व ३६५ ग्रॅम ठेवताच कोन ७५ अंशांवर आला. म्हणजे पुस्तक बरोबर आहे. मग जी रीत आडव्या-उभ्या अक्षांवर कधीच चुकत नाही, ती येथे का चुकते?

उत्तर:

शंका आली तेव्हा तुम्ही कडी आणि कप्प्यांकडे वळलात, हे मला फार आवडले. तुमचा आकडा निरर्थक नाही, फक्त तो घटकाचा नसून प्रक्षेपाचा आहे. बलाच्या टोकापासून एखाद्या दिशेवर लंब टाकला की मिळतो तो प्रक्षेप, आणि तो कोसाइनने निघतो. ज्या दोन बलांची बेरीज केली असता मूळ बल परत मिळते, ते त्याचे घटक होत. मूळ बल ज्याचा कर्ण आहे अशा समांतरभुज चौकोनाच्या ते बाजू असल्याने त्यांच्यासाठी लंब टाकायचा नसतो, तर दुसऱ्या दोराला समांतर रेषा काढायची असते.

दोन दिशा काटकोनात असल्या की लंब आणि समांतर रेषा एकच होतात, म्हणून तेथे हा फरक दिसतच नाही. आपल्याकडे बहुतेक सराव आडव्या-उभ्या अक्षांवरच करून घेतला जातो, आणि माझ्या मते विद्यार्थ्यांच्या मनात हे दोन शब्द एकमेकांत मिसळतात ते त्यामुळेच.

आता तुमचे ३५३.६ न्यूटन कसे बनले ते पाहा. त्यांत ‘अ’ दोराचे स्वतःचे २५८.८ न्यूटन आहेत आणि उरलेले सुमारे ९४.७ न्यूटन म्हणजे ३६६ गुणिले कोसाइन ७५. दोरांमधील कोन काटकोनापेक्षा लहान असल्यामुळे ‘ब’ दोरही थोडासा ‘अ’च्या दिशेने ओढतो, ती ही ओढ आहे. तशीच ‘अ’ची ६७ न्यूटन ओढ तुमच्या ४३३ मध्ये शिरली आहे. दोन्ही आकडे दोरांचे ताण म्हणून वापरल्यावर ती ओढ दुसऱ्यांदा मोजली गेली, आणि म्हणून तुमची कडी वर सरकली.

खरे उत्तर साइनच्या नियमाने मिळते, म्हणजे त्या चौकोनाच्या अर्ध्या त्रिकोणात प्रत्येक बाजू भागिले तिच्या समोरच्या कोनाचा साइन हे सारखेच भरते (५०० समोरचा कोन १०५ अंशांचा, आणि त्याचा साइन ७५ च्या साइनइतकाच): ५०० भागिले साइन ७५ म्हणजे ५१७.६, त्याला साइन ३० ने गुणले की ‘अ’ आणि साइन ४५ ने गुणले की ‘ब’. येथे समोरचा कोन घ्यायचा असतो, त्यामुळे ‘अ’साठी ३० अंश येतात. घाईत नेमकी येथेच अदलाबदल होते, तेव्हा आकृती काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पडताळा मात्र तुमच्या आवडत्या काटकोनी अक्षांवर घ्या. ओंडक्याला आडवी ओढ ‘अ’कडून २५८.८ गुणिले साइन ४५, म्हणजे १८३ न्यूटन, आणि ‘ब’कडून ३६६ गुणिले साइन ३०, म्हणजे तितकीच, पण उलट बाजूस. ओंडक्याच्या रेषेत १८३ अधिक ३१७ मिळून ५०० होतात. तुमचे आकडे घातले, तर रेषेत ६२५ न्यूटन येतात आणि ‘अ’च्या बाजूस ३३.५ न्यूटन शिल्लक राहतात, म्हणजे ओंडका सरळ येणारच नाही.

प्रश्नकर्ता:

मनःपूर्वक आभार. एक सेंटिमीटरला ५० न्यूटन धरून आकृती काढली. १० सेंटिमीटरच्या कर्णाच्या टोकापासून दोरांना समांतर रेषा काढल्यावर बाजू ५.२ आणि ७.३ सेंटिमीटर भरल्या. नंतर त्याच टोकापासून ‘अ’ दोरावर लंब टाकला, तेव्हा त्याचा पाया ७.१ सेंटिमीटरवर, माझ्या ३५३.६ न्यूटनांच्या जागी पडला.