देशाचे गुण वाढले, पण ‘हर घर जल’च्या ठरावावर सही करण्याआधी ग्रामसभेनं नळ उघडून पाहावा

पूर्णाकाठ (ग्रामपंचायत सदस्य, जि. अकोला)

२०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांत १९३ देशांनी १७ शाश्वत विकास ध्येयं मान्य केली. मुदत २०३०. नीती आयोगाच्या मोजणीत २०१८ साली देशाला शंभरपैकी ५७ गुण होते, २०२३-२४ मध्ये ७१ झाले. २०२५ च्या जागतिक यादीत भारत १६७ देशांत ९९ वा, म्हणजे पहिल्यांदाच शंभराच्या आत. हे आकडे खोटे म्हणणाऱ्यांतला मी नाही. गॅस आला, शौचालयं झाली, आमच्या डोळ्यांदेखत झाली.

माझं म्हणणं सहाव्या ध्येयाबद्दल आहे, पाण्याबद्दल. आमचं गाव खारपाणपट्ट्यात येतं. इथल्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, भांड्यावर पांढरा थर चढतो. कितीही बोअर मारा, खारंच लागतं. गोड पाणी धरणावरून पाइपानंच यावं लागतं. जलजीवन मिशन २०१९ मध्ये सुरू झालं तेव्हा देशातल्या खेड्यांत जेमतेम १७ टक्के घरांत नळ होता, आज ८० टक्क्यांच्या आसपास आहे. काम मोठं झालं, वाद नाही. पण मिशनच्याच हिशेबात नळ म्हणजे माणशी रोज ५५ लिटर पिण्यालायक पाणी, तेही नियमित. आमच्या शेवटच्या गल्लीत सिमेंटच्या ठोकळ्यात नळ पक्का बसवलेला आहे. उन्हाळ्यात त्यातून आधी नुसती हवा येते, मग करंगळीएवढी धार, अन् दोन गुंड (हंडे) भरत नाहीत तोच बंद. कागदावर ते घर ‘जोडलेलं’ आहे.

गाव ‘हर घर जल’, म्हणजे घरोघर नळाचं पाणी पोचलेलं, असं प्रमाणित करायला ग्रामसभेचा ठराव लागतो. माझी मागणी एवढीच: आधी महिला सभेत गल्लीगल्लीनं विचारा. शेवटच्या गल्लीला पाणी मिळेपर्यंत ठराव करू नका.

आशाताई_वाशीम

दादा, मी याच्या विरोधात आहे. मी गावपातळीवर आरोग्याचं काम करते. गरोदर बाईची बारा आठवड्यांच्या आत नोंद करा, हा आग्रह वरून आला तेव्हा आम्हीही कुरकुरलो. पण त्या नोंदीमुळेच जोखमीची बाई वेळेत कळते अन् गाडी वेळेत येते. देशात लाख जिवंत जन्मांमागे २०१४-१६ मध्ये १३० माता जात होत्या, २०१८-२० मध्ये ९७. महाराष्ट्रात हाच आकडा तेव्हा ३३ वर आला. ध्येय ७० च्या खाली जाण्याचं आहे, आपलं राज्य ते कधीच ओलांडून पुढं गेलं. आकड्याचा तगादा नसता तर हे झालं नसतं.

अन् ठराव अडवला की काय होतं? काम अपुरं म्हणून ठेकेदाराचं शेवटचं बिल अडकतं, तो पाइप उचलून दुसऱ्या गावाला जातो. शेवटची गल्ली आहे तिथंच राहते. आधी काम कागदावर पूर्ण होऊ द्या, मग दुरुस्तीसाठी भांडा.

कपाशीवाला (यवतमाळ)

ताई, तुमचं बाळंतपणाचं पटलं. पण पहिलं ध्येय गरिबीचं हाय अन् दुसरं भुकेचं, त्याच्यावर कोणी बोलत नाई. २०२५-२६ ले लांब धाग्याच्या कापसाले क्विंटलमागे ८,११० रुपये हमीभाव जाहीर झाला. त्याच वर्षी ऑगस्टात कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, डिसेंबरपर्यंत. बाहेरचा कापूस येनार म्हटल्यावर भाव वर जाते का? घरात ठेवाले जागा नाई, दुकानदाराची उधारी डोक्यावर, म्हणून मानूस गावात येऊन कापूस घेनाऱ्या खेडा खरेदीवाल्याले देऊन टाकते. माह्या मते नळाचा ठराव करा नाईतर नका करू, हातात पैसा आला तर मानूस पान्याचा टँकरही इकत आनन.

पूर्णाकाठ

भाऊ, भावाचं सोळा आणे खरं. पण टँकर विकत घेणारं घर अन् मजुरीवर जाणारं घर एकाच गल्लीत राहतं. कापसाचा भाव वाढला म्हणून दुसऱ्याच्या दारात पाणी पोचत नाही. त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो.

ताई, काम कागदावर पूर्ण झालं की भांडायला ऐकणारं कोण उरतं? अपुऱ्या कामांच्या यादीतून नाव गेलं की अधिकारी म्हणतो, तुमच्याच ग्रामसभेनं ठराव दिलाय.

इंद्रावती_३३

गडचिरोलीतून लिहितोय. इथल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, १,८०० हेक्टर जंगल. तो एका ठरावानं मिळाला नाही. त्याआधी कित्येक वर्षं गाव बसून बोलत होतं, अभ्यासगट चालवत होतं, निर्णय सर्वसहमतीनं घेत होतं. तुमच्याकडे पंधरा टक्के मतदारांचा किंवा शंभर जणांचा कोरम तरी भरतो का? सभा तहकूब होते आणि रजिस्टर घरोघर फिरतं. अशा ग्रामसभेच्या हातात पडताळणी दिली तर तीही सहीपुरतीच राहील. पूर्णाकाठ, तुमची मागणी चांगली आहे, पाया कच्चा आहे.

आशाताई_वाशीम

मलाही हेच म्हणायचं होतं. शिवाय आकडे नेहमी सरकारचीच बाजू घेतात असं समजू नका. रक्तक्षय असलेल्या बायका राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ५३ टक्के होत्या, पुढच्या पाहणीत, २०१९-२१ मध्ये, ५७ निघाल्या. वाढल्या! मोजलं म्हणून कळलं.

पूर्णाकाठ

ताई, तुम्ही माझाच मुद्दा मांडलात. त्या पाहणीत बाहेरची माणसं आली, बोटाला सुई टोचून रक्त तपासलं, म्हणून वाईट आकडाही बाहेर आला. नळाची माहिती कोण भरतं? ज्यांनी काम करून घ्यायचं तेच. पंचायतींच्या प्रगतीचा निर्देशांक निघाला, २०२२-२३ चा, त्यात दोन लाख सोळा हजारांवर पंचायती होत्या. सर्वांत वरच्या श्रेणीत एकही बसली नाही. मला तो निकाल प्रामाणिक वाटला. तसाच प्रामाणिकपणा नळाच्या नोंदीत हवा. कोरम भरत नाही हे मान्य, इंद्रावती. म्हणूनच मी ग्रामसभेआधी महिला सभा म्हणतोय. पाणी भरणारीला दिवस-वार तोंडपाठ असतात.

व्हॉल्व्हवाला

मी गावात पाणी सोडायचं काम करतो. तुमच्या सगळ्यांचं वाचलं. शेवटच्या गल्लीत पाणी न जायची दोन कारणं मी रोज पाहतो. पाणीपट्टी वसूल होत नाही, मग वीजबिल थकते अन् मोटर बंद पडते. दुसरं, वरच्या आळीत निम्म्या घरांनी नळाले टिल्लू पंप लावले. मी चावी फिरवली की पाच मिनिटांत घरघर सुरू होते, पाणी तिथंच ओढून घेतात. टिल्लू काढा म्हटलं तर माह्यावरच धावतात. पूर्णाकाठ भाऊ, ठराव अडवायचा असन तर अडवा, पण त्यात टिल्लू जप्त करायचंही लिहा अन् पाणीपट्टी थकलेल्यांची यादीही वाचा. तुमच्या सभेत पुढं बसनारे बरेचसे त्या यादीतलेच आहेत.

आशाताई_वाशीम

हे लिहून ठराव केला तर मी पाठिंबा देते. तोवर माझा विरोध कायम.