हातात मोबाईल आहे, ओटीपी कुणाकडे जातो?

माळवाली: काल इथे एका सद्गृहस्थांनी लिहिलं, "खेड्यातल्या बायांना इंटरनेट मिळत नाही हे एनजीओवाल्यांचं रडगाणं आहे, आमच्याकडे सासू-सुना दिवसभर रील बघतात." उचलली जीभ लावली टाळ्याला.

लाडक्या बहिणीची ई-केवायसी आठवा, सप्टेंबर २०२५ पासूनची. बाईच्या आधारला जोडलेल्या नंबरवर एक ओटीपी, मग नवऱ्याच्या नाहीतर बापाच्या आधारवर दुसरा. आमच्या वाडीत कित्येकींच्या आधारला नंबरच नवऱ्याचा. धाकटी जाऊ रोज बुडवून सेतूत बसली, दोन्ही ओटीपी दिराच्या फोनवर, दीर ऊसतोडीवर. "ट्रॅक्टरवर हाय, मागनं सांगतो." मागनं सांगितलं तेव्हा ओटीपीची मुदत संपली होती. याला तुम्ही इंटरनेट मिळणं म्हणता?

बांधावरचा_बाप्पा: ते सद्गृहस्थ मीच. नवऱ्याचा नंबर लिहून दिला कुणी? तुम्हीच ना? लॉकडाऊनमध्ये शाळा मोबाईलवर आली आणि घरोघर टच आला. आकडे दाखवा, जावेच्या गोष्टी नकोत.

माळवाली: घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, २०१९-२१. ग्रामीण भारतात आयुष्यात एकदा तरी इंटरनेट वापरलेले पुरुष ४८.७ टक्के, बाया २४.६.

बांधावरचा_बाप्पा: जुनं झालं ते.

कडकलक्ष्मी: शाळा मोबाईलवर आली तेव्हा मी दहावीला, भाऊ सातवीला. घरात एकच फोन, तो भावाला. तो झोपला की मला मिळायचा, तोवर दिवसाचा दीड जीबी त्याच्या गेममध्ये गेलेला. "पोरीच्या हातात फोन नको, नाव निघतं," इति आजी.

सोयाबीन_क्विंटल: बाई-बाप्या करत बसलाय, आधी रेंज आहे का? आमच्याकडे लाइट गेली की टॉवर पण जातो. जुलै २०२४ ला कंपन्यांनी रिचार्ज वाढवले. त्याच साली सोयाबीनचा हमीभाव ४,८९२, आणि आम्ही विकलं चार हजारानं. दोन रिचार्ज मारायचे कशातून?

कडकलक्ष्मी: एकच परवडतो ना? मग तो बाप्याच्याच फोनवर का?

सोयाबीन_क्विंटल: बाजारभाव बघायचा असतो, पंपाच्या लाइटचा मेसेज येतो.

माळवाली: आणि तंबाखू-चुन्याचा महिन्याचा हिशेब? त्यात तिचा रिचार्ज बसतो का बघा.

सोयाबीन_क्विंटल: ताई, तंबाखूवर जाऊ नका. दिवसभर पाठ मोडून घेतो आम्ही.

माळवाली: खुरपायला कोण असतं? तिची पाठ काय लोखंडाची?

बांधावरचा_बाप्पा: धागा इंटरनेटचा होता. आता घराघरातल्या चंच्या उघडणार काय?

मदतनीस_नव्हे_सेविका: सरकारनं आम्हा अंगणवाडी सेविकांना फोन दिले होते की. तापायचे, हँग व्हायचे, नोंदी भरायचं ॲप, पोषण ट्रॅकर, ते इंग्रजीत. २०२१ मध्ये राज्यभर आम्ही ते परत केले, तेव्हा गावातलेच म्हणाले, "बायांना चालवता येत नाय." आजही नोंदी रात्री भांडी आवरून भरते. आणि बाप्पा, रील बघणाऱ्या सासूला पेन्शन आली का ते बघता येतं का, विचारा एकदा.

बांधावरचा_बाप्पा: बरं बाई, हरलो! आमच्या हिच्या आधारला माझाच नंबर आहे. सोमवारी नेतो बदलायला. झालं समाधान?

कडकलक्ष्मी: तिच्या नावावर सिम आहे का पण?

बांधावरचा_बाप्पा: ...दोन्ही सिम माझ्याच नावावर आहेत. आता यावरून नवा धागा काढू नका.

सोयाबीन_क्विंटल: टॉवरचं कुणी बोलणार आहे का?